भित्रे डॉक्टर आणि करीमचाचांची घोडी

आमच्या डॉक्टरसाहेबांइतका भित्रा माणूस मी उभ्या नगर जिल्ह्यात पाहिला नाही. जनावरांचे डॉक्टर, नोकरीत केस पिकलेले, पण घोड्याला सुई टोचताना हात थरथरायचे. भिंगारचे टांगेवाले त्यांना तोंडावर 'सायेब' म्हणत आणि पाठीमागे 'भित्रे डॉक्टर'. साहेबांना ते ठाऊक होतं. "खोटं काय आहे त्यात?" म्हणायचे. "ज्याला भीती वाटत नाही त्याच्या हातात सुई देऊ नये. आणि सरकारी शिक्का तर मुळीच देऊ नये."

लढाईचे दिवस होते. मी नुकताच मुंबईहून शिकून त्यांच्या हाताखाली आलो होतो, म्हणजे शिंगं चांगलीच फुटली होती. नीतिशास्त्राची दोन पुस्तकंही वाचली होती. एक सांगे, ज्यात जास्तीत जास्त लोकांचं भलं ते करा. दुसरं सांगे, कर्तव्य करा, मग आभाळ का कोसळेना. दुपारच्या चहाला मी हे मोठ्या ऐटीत ऐकवी. साहेब बशीत चहा ओतता ओतता विचारत, "बरं, पण कोसळलेलं आभाळ कुणाच्या डोक्यावर?" मला असा राग यायचा! 

त्या हिवाळ्यात टांग्याच्या घोड्यांत ग्लँडर्स नावाचा साथीचा रोग शिरला. नाकातून चिकट शेंबूड, अंगावर गाठी. आणि माणसाला लागला तर तेव्हा औषधच नव्हतं. रोग ठरला की घोड्याला गोळी, असा कायदा. ठरवायचं कसं, तर पापणीत तपासणीच्या औषधाची सुई टोचायची आणि दोन दिवसांनी पाहायचं. डोळा सुजला तर रोग.

करीमचाचा म्हातारे टांगेवाले. सगळं घर शहजादीवर, म्हणजे त्यांच्या घोडीवर चालायचं. एकाच छपराखाली घोडी आणि सुनेचं तान्हं मूल, मध्ये नुसता तरटाचा पडदा. तो पडदा पाहूनच साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सुई टोचून दोन दिवसांनी गेलो, तर पापणी अर्धवट सुजलेली आणि पिवळीधमक.

"चाचा, हळद लावलीत?"

"लावली की, सायेब. डोळा सुजला हुता. लेकराचा डोळा सुजल्यावर मानूस गप बसंल का? मिठाच्या पान्यानं शेकला बी."

चाचा शाबासकीच्या आशेनं बघत होते. झालं! सूज शेकानं उतरली की मुळातच कमी होती, ते आता देवालाच ठाऊक.

घोटाळा कळला तेव्हा चाचांनी साहेबांचे पाय धरले. "निरोगी लिवा, सायेब. लई गुनाची हाय वो ती." खरं सांगतो, मलाही वाटलं, लिहून टाकावं. तिकडे छावणीतला फौजी अधिकारी दवाखान्यात येऊन टेबलावर छडी आपटून बजावू लागला की नुसता संशय असला तरी गोळी घाला, नाहीतर पलटणीचे सगळे घोडे मरतील. साहेबांच्या हातातला कप बशीवर खडखड वाजत होता. पण म्हणाले, "नाही. काही दिवस जाऊ देऊन पुन्हा सुई टोचीन. तोवर मारणार नाही आणि सोडणारही नाही."

"मग ठेवणार कुठे?" अधिकारी गेल्यावर मी विचारलं.

"माझ्या गोठ्यात."

"साहेब, हे माझ्या एकाही पुस्तकात बसत नाही!"

"पुस्तकं शहाणीच आहेत रे. पण चाचांकडे ठेवली तर ते मूल धोक्यात. इथे दवाखान्यात ठेवली तर वैरण टाकणारा शिपाई धोक्यात. निर्णय माझा, मग त्याची भीती दुसऱ्याच्या दारात कशी बांधू?"

साहेबांची गाय शेजारी गेली आणि शहजादी आली. तिच्याजवळ ते कुणाला फिरकू देत नसत. नाकाला फडकं बांधून स्वतः दाणावैरण करत आणि फिनेलच्या पाण्यात हात इतके धूत की कातडी फाटली. काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, कळवळून म्हणत, "अहो, कशाला हा विषाशी खेळ?" ते म्हणत, "अगं, मलाही पळून जावंसंच वाटतंय." घोडी नुसती खोकली तरी मी फाटकापर्यंत मागे सरायचो.

दुसऱ्यांदा सुई टोचताना ती त्यांच्या तोंडावर जोरात फुरफुरली. या वेळी दोन दिवसांत डोळा सुजून पुरता मिटला. गोळी घातली तेव्हा चाचा फाटकाबाहेर पाठ फिरवून उभे होते आणि लहान मुलासारखे रडत होते. सुनेचं मूल मात्र धडधाकट राहिलं.

पुढे साहेबांना ताप भरला आणि मनगटावर गाठ आली. मी म्हटलं, "साधं गळू असेल हो."

"शहजादीच्या वेळी असं 'असेल' म्हणून सोडून दिलं होतं का मी?"

सिव्हिल सर्जननी इस्पितळात चला म्हटलं. वॉर्डात इतर रोगी आहेत म्हणून साहेबांनी ऐकलं नाही. ते गोठ्यात जाऊन झोपले आणि काकूंना बाहेरून कडी घालायला लावली. पेज आणि पाणी मी खिडकीतून काठीनं सरकवायचो. आधी भांडं रिकामं परत यायचं, मग अर्धं, मग भरलेलंच.

शेवटच्या दुपारी काकूंचा हात कडीवर गेला. कडी वाजली तसा आतून आवाज आला, "अगं, उघडू नकोस. मला फार भीती वाटतेय. पण उघडू नकोस."

काकूंनी हात मागे घेतला. त्या दाराला पाठ टेकून खाली बसल्या आणि त्यांच्याशी बोलत राहिल्या. आतून उत्तर येईनासं झालं, तरीसुद्धा.