शेवटच्या पंगतीचा अध्यक्ष

साटमकाका गेल्याचं मला कळलं ते एका पोस्टरवरून. दुपारी इथल्या, मस्कतच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर आलं. वर मंडळाचं बोधचिन्ह, मध्ये हात जोडून हसणारे आमचे अध्यक्ष निखिल, चांगले कमरेपर्यंत, आणि खाली उजव्या कोपऱ्यात एका गोलात पासपोर्टच्या फोटोएवढे साटमकाका. मजकूर बारीक. माझे हात कणकेत होते आणि फोन लेकीकडे. ईशा इथल्या इंडियन स्कूलमध्ये सातवीत आहे, तिचं मराठी ठेचकाळत चालतं. 'भावपूर्ण' हा शब्द तिने दोनदा चाचपला आणि विचारलं, "आई, यातले एक्स्पायर कोण झाले? मोठा फोटोवाले की छोटा फोटोवाले?" मी कणकेच्या हातानेच फोन ओढून घेतला. तोवर खाली कुणीतरी केकचं चित्र टाकून 'अनेक अनेक शुभेच्छा, अध्यक्षसाहेब' असं लिहूनही टाकलं होतं. त्या बिचाऱ्याचं तरी काय चुकलं? अध्यक्षांचा हसरा चेहरा दिसला की शुभेच्छा द्यायच्या, एवढंच वळण आम्हाला लागलंय. थोड्या वेळाने त्याने ते पुसलं. ते पोस्टर मात्र मी अजून फोनमध्ये ठेवलंय... राग कमी व्हायला लागला की उघडून बघते.

साटमकाका आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचे, अल हैलला. मूळचे कणकवलीकडचे. एका बांधकाम-साहित्याच्या कंपनीत स्टोअर सांभाळायचे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा कॅनडात. "आता गावी जाऊन राहा की," असं कुणी म्हटलं, की म्हणायचे, "थंय कोण आसा माझा? इथे निदान तुम्ही ओरडायला आहात." माझा नवरा दुक्मला रिफायनरीच्या कामावर, पंधरवड्यातून एकदा गुरुवारी रात्री येणार, शनिवारी परत जाणार. मधले दिवस मी, ईशा आणि एसीचा आवाज. सांगलीसारख्या बडबड्या गावातून आलेल्या माझ्यासारखीला इथली शांतता आधी खायला उठायची. पहिल्या महिन्यातच काकांनी दार वाजवून विचारलं होतं, "गो बाय, पाडव्याक वाढूक येशील मा? हात कमी पडतात." माझी साधी ओळखही न विचारता त्या माणसाने मला कामाला लावलं, आणि त्या दिवसापासून मस्कतमध्ये मला माणसं मिळाली.

आमच्या मंडळाची तेव्हा एक रीत होती. पाडव्याला आणि गणपतीत जेवणाच्या पंगती उठायच्या, केळीच्या पानावर, जमिनीवर चटया अंथरून. वाढणारे शेवटच्या पंगतीला बसायचे आणि सगळ्यांत शेवटी अध्यक्ष. तो जेवायला बसायच्या आधी हॉलभर फिरून विचारायचा, कुणी राहिलंय का. वॉचमन, बसचा ड्रायव्हर, एखादा नवा पोरगा, ज्याला कुणी ओळखत नाही म्हणून तो दारातच घुटमळतोय... सगळ्यांना बसवून मग स्वतः. आणि पाडव्याच्या त्या शेवटच्या पंगतीतच पुढच्या वर्षीचा अध्यक्ष ठरायचा. कोणी नाव घ्यायचं, तो "नको नको" म्हणायचा, चौघे ओरडायचे, झालं. मग जुना अध्यक्ष पितळेचं मोठं ओगराळं धुऊन-पुसून नव्याच्या हातात द्यायचा. आमटी वाढायचं साधं ओगराळं, लांब दांड्याचं. कुणीतरी फार पूर्वी सावंतवाडीहून आणलेलं. आमच्याकडे सत्तेची खूण म्हणाल तर तेवढीच.

काका त्यात असे रमायचे, की बघत राहावं. पंगतीच्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही अल मवालेहच्या भाजीबाजारात. लाल भोपळा, शेवग्याच्या शेंगा, सलालाहून आलेली केळीची पानं. तिथल्या बंगाली विक्रेत्याशी काका हिंदी, अरबी आणि मालवणी एकाच दमात बोलायचे, "अर्बाब, खलास, अब आखरी बोलो, नायतर मी चाललंय!" आणि तो हसत हसत दोन शेंगा वर टाकायचा. मग इस्त्रीचा पांढरा सदरा, कमरेला घट्ट बांधलेला पंचा आणि हातात ते ओगराळं. "घे गो, लाजतंस कित्याक? घरी कोण वाढणार तुला?" असं ते एकदा मला म्हणाले आणि मला तिथेच पानावर रडू कोसळलं. खरंच, घरी मला कोण वाढणार होतं?

ज्या वर्षी काका अध्यक्ष होते, त्याच सुमारास भारतात मोठी निवडणूक होऊन गेली होती, आणि तिचं वारं इथे आमच्या अंगात शिरलं. तिकडच्या पक्षांवरून इकडे ग्रुपवर हमरीतुमरी. वर्षानुवर्षं एका गाडीतून कामाला जाणारे दोघे वेगवेगळ्या गाड्यांतून जायला लागले. मग कुणीतरी काढलं, की अध्यक्ष असा जेवता जेवता ठरवणं काही बरं नाही, लोकशाही हवी, रीतसर मतदान हवं. आता यावर कोण नाही म्हणणार? दोन पॅनल झाली. एकात निखिल, बँकेत काम करणारा, तरतरीत, बोलायला गोड. दुसऱ्या पॅनलने काकांना उभं केलं. म्हणजे आधी नाव जाहीर केलं आणि मग विचारलं.

काकांच्या पॅनलनेही काही कमी केलं नाही हं. सीबच्या किनाऱ्यावर टळटळीत उन्हात काकांना कोट चढवला, डोक्यावर फेटा, आणि हाताची घडी घालून उभं केलं. मी ईशाला घेऊन बघायला गेले होते. फोटोग्राफर सांगत होता, "काका, हनुवटी वर. नजर लांब. व्हिजन दिसली पाहिजे." काका घामाने निथळत म्हणाले, "अरे बाबा, हात असे बांधून ठेवले तर मी वाढू कशाने?" सगळे हसले. कोणी त्यांचे हात सोडले नाहीत. फोटो आला तेव्हा केस काळेभोर, गालावरची सुरकुती गायब, खाली 'साधा माणूस, आपला माणूस'. काकांनी फोन लांब धरून बराच वेळ बघितलं आणि मला विचारलं, "ह्यो कोण?"

मतदानाआधी पाडव्याची पंगत झाली. काका नेहमीसारखे वाढत होते, या पॅनलला, त्या पॅनलला, सगळ्यांना सारखाच आग्रह. त्यांच्या पॅनलचे लोक मागून कुजबुजत, "काका, समोरच्यांना श्रीखंडाचा आग्रह कसला करता? व्हिडिओ निघतायत." काका म्हणाले, "मग काय उपाशी ठेवू?" तेवढ्यात निखिल आला, बरोबर फोटो काढणारा. "काका, जरा ओगराळं देता? एक फोटो घेतो." काकांनी दिलं. नुसतं दिलं नाही, त्याचा हात धरून नीट करून दिला, "असं उपड्या हाताने वाढत नाहीत रे, सरळ धर." निखिल एका आजींच्या पानापाशी वाकला, हसला, फोटो झाला, ओगराळं परत. तो फोटो सगळीकडे फिरला. 'सेवेसाठी वाकणारं नेतृत्व'. माझ्या ओळखीतल्या चांगल्या शिकल्यासवरल्या बायका म्हणाल्या, "काही म्हण, मुलगा नम्र आहे हो." निखिल निवडून आला. चांगला दणदणीत. हॉलमध्ये ढोल वाजला आणि काकांच्याच पॅनलचे दोघे मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने घालवलं."

त्या दिवशी मी काकांना माझ्या गाडीतून घरी आणलं. मला वाटलं, हरल्याचं वाईट वाटत असेल. समजूत घालायला म्हणून काहीतरी बोलायला गेले तर म्हणाले, "जिंकलो-हरलो त्याचं काही नाही गो. पण तू तो फोटो बघितलास मा? ओगराळं रिकामं होतं. त्या म्हातारीच्या पानावर काहीच पडलं नाही. ती पान पुढे करून बसली होती... आणि कोणालाच ते दिसलं नाही." मी घरी येऊन तो फोटो मोठा करून पाहिला. खरंच रिकामं होतं.

त्यानंतर गणपतीत पंगत गेली आणि बुफे आला. केटरर, टोप्या घातलेली माणसं, रांग. सोयीचं आहे, मी नाही म्हणत नाही, गुडघे सगळ्यांचेच दुखतात. पण माणूस ताट घेऊन आपापल्या ओळखीच्या कोंडाळ्यात जातो आणि ज्याची ओळख नाही तो भिंतीला टेकून उभा राहून जेवतो. मी जेवते की तशी, ईशा मैत्रिणींत गेली की. ओगराळं स्टेजवर हार-तुऱ्यांच्या मागे पडून होतं. निघताना काकांनी ते उचललं, पंच्यात गुंडाळलं आणि मला म्हणाले, "अध्यक्षांना सांग, माझ्याकडे आहे. मागतील तेव्हा देईन." मी सांगितलं. निखिल म्हणाला, "हो हो, राहू दे की त्यांच्याकडे." बोलण्यात काही वाईट नव्हतं, आणि लक्षही नव्हतं.

काका त्यानंतर मंडळात गेले नाहीत. ग्रुपचे दोन झाले, त्यात एका ग्रुपने त्यांना काढलं आणि दुसऱ्याने घेतलंच नाही. लोक म्हणायचे, काका रुसलेत. छे! मी शेजारी राहायचे, मला ठाऊक आहे. दर वर्षी गणपती जवळ आले, की जिन्यात गाठून मला विचारायचे, "यंदा वाढायला माणसं पुरतात मा?" मी म्हणायची, "काका, आता बुफे असतो. तुम्ही चला ना माझ्याबरोबर, नुसते बसा." त्यावर मान हलवायचे. "तू घरची. तुझं बोलावणं म्हणजे काय बोलावणं? मंडळानं बोलवल्यानी तर येतलंय. आपणाहून कसो जाव?" इकडे मी निखिलला सांगायची, एक फोन करा हो त्यांना. तर तो अगदी मनापासून म्हणायचा, "ताई, ते आमच्यावर नाराज आहेत, उगाच कशाला दुखवायचं? त्यांना वाटेल तेव्हा येतील, मंडळ त्यांचंच आहे." एक माणूस फोनची वाट बघत बसला होता आणि दुसरा त्याचा मान राखायचा म्हणून फोन करत नव्हता. मध्ये मी. बोलून बोलून माझी जीभ दुखली.

टीव्हीवरच्या बातम्या त्यांनी बंद केल्या. गावच्या मित्राचा फोन यायचा, तोही बंद झाला; म्हणे आता त्याचा पक्ष वेगळा. "थंय पण फोटो, हंय पण फोटो," म्हणायचे, "माणूस खंय गेलो?" शुक्रवारी मी त्यांना जेवायला बोलवायची. यायचे, पण माझ्या हातातून आमटीचं पातेलं काढून घ्यायचे. ईशाला वाढायचे, मला वाढायचे, मग स्वयंपाकघरात जाऊन बघून यायचे, कुणी राहिलंय का. नवरा नसला की आम्ही तिघंच असायचो. तरी बघून यायचे.

जुलैच्या एका शुक्रवारी ते जेवायला आले नाहीत, ते पोस्टर आलं; मी सकाळी बाजारात असताना कंपनीच्या माणसांनी आपल्याकडच्या किल्लीने दार उघडून मंडळाला कळवलं होतं. झोपेतच गेले, डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. निखिलने त्यानंतर जी धावपळ केली ती मी विसरणार नाही. दूतावास, विमान, कागद, मुलाशी कॅनडात फोन, सगळं त्याने भराभर उरकलं आणि काका कणकवलीला पोचले. दाराशी येऊन तो मला म्हणाला, "ताई, एकदा फोन करायला हवा होता हो." डोळे भरले होते त्याचे. मी म्हटलं, "हो, करायला हवा होता." ते पोस्टर त्याच्या माणसांनी टाकलं होतं. ते त्याने बघितलंही नसेल कदाचित. अध्यक्षांचा फोटो आता त्यांच्या पोस्टरच्या साच्यातच असतो, काढावाच लागत नाही.

काकांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असायची. कंपनीने घर रिकामं करायला सांगितलं तेव्हा नवरा दुक्महून आला आणि आम्ही दोघं गेलो. बंद घर, सगळ्यावर ती इथली बारीक पिवळट धूळ. टीव्हीवर, काकूंच्या फोटोवर, जेवणाच्या टेबलावर. आणि दाराजवळच्या खिळ्याला ओगराळं, लखलखीत. इथल्या दमट हवेत पितळ बघता बघता काळं पडतं, माझ्या देवघरातली समई मी सतत घासते, मला माहीत आहे. ओट्यावर वाटीत चिंच भिजवलेली होती, वाळून कोळ चिकटून बसलेला. खुर्चीच्या पाठीवर इस्त्रीचा पांढरा सदरा आणि घडी केलेला पंचा. गणपतीला अजून खूप अवकाश होता हो... पण फोन अचानक आला तर तयारी असावी. दर वर्षी करत असणार असंच, आम्हाला न सांगता. मी तिथेच खाली बसले. नवरा वाटी उचलून नळाखाली धरून धूत राहिला.

ओगराळं आता माझ्याकडे आहे, माझ्या दाराजवळच्या खिळ्याला. काल मी ते चिंचेने घासलं. ईशाने विचारलं, "हे कशासाठी?" मी म्हटलं, "गणपतीच्या जेवणाला न्यायचंय." बुफे असू दे, टोपीवाले असू देत. आमटीच्या भांड्यामागे उभी राहीन, भिंतीला टेकलेल्यांना वाढीन आणि सगळ्यांचं झालं की हॉलभर फिरून विचारीन, कुणी राहिलंय का.

मला कोणी वाढायला बोलावलेलं नाही. मी जाणार आहे.