डाव्या खांद्याची बंदूक

एल्डन क्रॅबट्रीनं तीस वर्षं लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावली, पण त्याच्या बोटाला कधी साधा ओरखडा आला नाही. डोळा गेला तो घरच्या अंगणात, सरपण फोडताना. लोखंडी पाचरीची नखाएवढी कपची उडाली आणि उजवा डोळा कायमचा गेला. आता याला काय म्हणायचं, सांगा! डॉक्टर म्हणाले, उरलेला जपा, बाजूनं झाकलेला चष्मा लावल्याशिवाय कुऱ्हाडीला हात लावू नका. एल्डननं मान डोलावली आणि तिथल्या तिथे विचारलं, "बंदुकीला लावला तर चालेल ना?" त्याची बायको मॅव्हिस शेजारीच बसली होती. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

तिचंही बरोबर होतं. पण एल्डनचं सगळं आयुष्य जुलैतल्या त्या आठ दिवसांभोवती फिरायचं. माँटानातल्या नदीकाठच्या कुरणात दरसाल छावणी पडते. दोनशे वर्षांपूर्वीच्या डोंगरी शिकाऱ्यांसारखे कपडे, तसेच तंबू, तसाच चुलीवरचा स्वयंपाक आणि बंदूक ठासणीचीच. नळीच्या तोंडातून दारू ओता, चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजानं ठासा, बाजूच्या रंजकदाणीत चिमूटभर रंजक, म्हणजे बारीक दारू, टाका; मग चाप ओढला की गारगोटीची ठिणगी पडते आणि बार होतो. अठराशे चाळीसनंतरची एखादी वस्तू तंबूबाहेर दिसली, तर बूशवे, म्हणजे छावणीचा म्होरक्या, चारचौघांत कान उपटतो. एल्डन सत्तावीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. साल्याला स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस आठवत नसे, पण नेमबाजीच्या पाटीवर नाव घालायची शेवटची वेळ घड्याळाशिवाय कळायची.

आता उजवा डोळा नाही म्हटल्यावर डाव्या डोळ्यानं नेम धरायचा, म्हणजे बंदूक डाव्या खांद्याला लावायची. आणि घोडं नेमकं तिथंच अडलं. त्याच्या जुन्या बंदुकीची रंजकदाणी उजव्या अंगाला. डाव्या खांद्यावर घेतली की ती बरोबर तोंडासमोर यायची. भडका व्हायचा तो गालापासून वीतभर अंतरावर, आणि उरलेला एकुलता एक डोळा त्याच बाजूला! घरामागच्या माळावर एल्डननं पहिला बार काढला आणि चाप ओढायच्या आधीच पापणी गच्च मिटली. दुसऱ्या बाराला तेच. दहाव्यालाही तेच. ज्या क्षणी बघायचं, त्याच क्षणी गडी ठार आंधळा.

हे त्यानं कुणाला सांगितलं असेल तर शपथ. गारगोटी बोथट आहे, दारू दमट आहे, चाप जड आहे. नावं ठेवायला बंदुकीचे भाग काय कमी असतात? गारगोटीऐवजी तांब्याच्या टोपीवर उडणारी बंदूक शेजाऱ्याकडून आणून पाहिली. ठिणगीचा भडका गेला, पण पापणी काही ऐकेना. असं दीड वर्ष चाललं. शेवटी यंदा निघताना तो मॅव्हिसला म्हणाला, "हा शेवटचा मेळा. रविवारची नेमबाजी झाली की तंबू विकून टाकू."

"आणि तुझं काय, लिलाव?" मॅव्हिस म्हणाली आणि गाडीत बसली.

शनिवारी दुपारपर्यंत एल्डन बाजाराच्या रांगेतून चारदा फिरला. घोंगड्या अंथरून लोक विकायला बसले होते. जो तो आपलीच बंदूक त्याच्या हातात देई. कुणी म्हणे मोठ्या तोंडाची घे, हरीण जागच्या जागी पडतं. कुणी म्हणे लांब नळीची घे, नेम सरळ जातो. एल्डनला ना हरीण मारायचं होतं, ना काही. संध्याकाळी पाचपर्यंत पाटीवर नाव घालायचं होतं, आणि घालावं असं मन धजत नव्हतं.

रांगेच्या टोकाला लेटी ब्रन्सन बसली होती. वय ऐंशीच्या घरात, तोंडात पाइप, जीभ पक्की तिखट. बंदुका ती स्वतः घडवायची. एल्डन तिच्या घोंगडीवरून पुढे चालला होता, तेवढ्यात तिनं त्याला हटकलं.

"ए चष्मेवाल्या, इकडे ये. कुठला डोळा गेलाय?"

"उजवा."

"मग उजव्या बंदुका काय चिवडत बसलायस दिवसभर? ही धर."

बंदूक साधीच होती. मेपलचा दस्ता, नळी मध्यम, पितळेची नक्षी वगैरे काही नाही. पण सगळं उलटं. घोडा डाव्या अंगाला, रंजकदाणी डाव्या अंगाला. गाल टेकायचा उंचवटा उजवीकडे.

"डोळा मीट," लेटी म्हणाली. "खांद्याला लाव. कशी हाताला येईल तशी. आता उघड. काय दिसतंय?"

डोळा उघडताच नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी समोरच होती. मान वाकवावी लागली नाही, खांदा आखडावा लागला नाही. एल्डननं बंदूक खाली न ठेवताच विचारलं, "काय घ्याल हिचे, लेटीबाई?"

"बार काढल्याशिवाय मी कुणाला बंदूक विकत नाही. तीन उन्हाळे पडून आहे, अजून एक पडेल. जा, रांगेत उभा राहा."

बाई म्हणाली ते रास्तच होतं. पण आता पापणी मिटताना सगळ्यांना दिसणार होती. गोळीबाराच्या रांगेत बूशवे ड्वेन हकाबी देखरेखीला उभा होता. शाळेपासूनचा दोस्त, आणि दोस्त म्हणजे टोमणे आलेच.

"काय रे लेका, डावखुरा झालास? आता स्वाक्षरी पण बदलणार का?"

"तू आधी पोट आत घे. त्या काळी एवढी पोटं नव्हती!" एल्डननं परतवलं. सगळी रांग हसली. बारुदाचं शिंग त्यानं डाव्या बाजूला अडकवलं होतं, हात मात्र सवयीनं उजवीकडे जाऊन रिकामा परत आला. ड्वेनचं उत्तर आलं, त्यावर ह्याचं उत्तर गेलं, आणि बोलता बोलता चिंधी ठेवली, गोळी ठेवली, गज घातला, दाबून ठासली. रंजक टाकली, घोडा ओढला, पापणी मिटली, चाप ओढला.

रंजक फुस्सकन जळली. बस्स, तेवढंच. ड्वेनचे डोळे चमकले.

"दारू घातली होतीस का रे?"

एल्डननं शिंगाकडे पाहिलं. बूच जागच्या जागी होतं.

"कोरडी गोळी!" ड्वेन गरजला. लगेच सगळ्या छावणीनं पत्र्याचे पेले बडवायला सुरुवात केली. "कोरडी गोळी! कोरडी गोळी!" तिथली रीतच आहे. दारू न घालता गोळी ठासली की जेवणापर्यंत गळ्यात पातेल्याचं झाकण. नवख्यांच्या गळ्यात ते नेहमी दिसायचं. सत्तावीस वर्षांच्या मुरलेल्या गड्याच्या गळ्यात म्हणजे पर्वणीच! ड्वेननं स्वतः दोरी बांधली. एल्डनचे कान लाल झाले. जमीन दुभंगेल तर बरं, असं झालं त्याला. पण गंमत बघा, हसूही येत होतं. दीड वर्ष लोक त्याच्याशी हळू आवाजात बोलायचे, दार धरायचे, हात धरायचे. आज पहिल्यांदा कुणी त्याला मनसोक्त हसत होतं.

"हसता काय मेल्यांनो, गोळी काढू द्या त्याला!" लेटी ओरडली.

उपाय साधा असतो. एल्डननं सुईनं बत्तीचं, म्हणजे रंजकदाणीतून नळीत जाणारं, भोक मोकळं केलं, त्यातून बारीक रंजक कण कण करून आत सारली, गजानं गोळी पुन्हा तळाशी घट्ट बसवली. गळ्यातलं झाकण दस्त्यावर खणखणत होतं. ते झाकण बघून मागून कुणीतरी त्याला आचारी समजून जेवणाची ऑर्डर देत होतं. एल्डन हसतच होता. नेम कशावर धरायचा नव्हताच, समोर मातीचा बांध होता. त्यानं बंदूक खांद्याला लावली आणि चाप ओढला.

बार पिचकाच झाला. लेटी शेजारी येऊन उभी राहिली. "काय दिसलं?"

"ठिणगी डावीकडे गेली. तिकडच्या तिकडे," एल्डन म्हणाला. "आणि गोळी बांधात शिरली, तिथं माती उडाली..." तो थांबला. त्याला आत्ता कळत होतं. "लेटीबाई, मी बघितलं. डोळा उघडा होता माझा!"

"मग घेऊन जा. तुझी उजवी मला दे, ती मी विकेन. आणि वर मॅव्हिसच्या हातचे पाव, गरम असतील तर."

एल्डन तंबूकडे जवळजवळ पळतच गेला. मॅव्हिस चुलीवर सांबराच्या मटणाचा रस्सा ढवळत होती. गळ्यातलं झाकण बघून तिनं पळी खाली ठेवली. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"मॅव्हिस, मी भीत होतो. गारगोटी बिरगोटी सगळं खोटं. हाही डोळा जाईल म्हणून बार काढताना मिटत होतो."

"माहितीय मला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू बंदूकच ठेवून दिली असतीस." तिनं हात एप्रनला पुसले. "पाच वाजत आलेत. तू नाव घालायला जातोस, की मी घालू?"

रविवारी एल्डन क्रॅबट्रीनं पाच बार काढले. दोन लागले, तीन हुकले. खालून सहावा आला. पण हुकलेल्या तिन्ही गोळ्या कुठं कुठं गेल्या, ते त्यानं संध्याकाळी जो भेटेल त्याला बोटानं दाखवून सांगितलं.