मुक्यानं आणलेलं पाणी

१९६०च्या सुमारास आम्ही बेंगळुरात वृषभावती नदीकाठच्या जुन्या वस्तीत राहत होतो. देवळात अभिषेकाचं पाणी आणणारा म्हातारा रोज पहाटे आमच्या दारावरून जाई. ओला पंचा, खांद्यावर घागर आणि तोंडातून चकार शब्द नाही; नदीचं पाणी मुक्यानंच न्यायचं, असा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम.

एके दिवशी तीच घागर तो कोपऱ्यावरच्या नळाखाली भरताना दिसला. मी हादरलेच. तीर्थ म्हणून आम्ही हे पीत होतो?

“अण्णा, हे काय!” मी ओरडले.

“नदीत गटार आलं, अक्का. देवाला सांगितलंय मी. नदीला कोणत्या तोंडानं सांगू?”

मग भरलेली घागर घेऊन तो नदीच्या पाण्यापर्यंत उतरला, आणि तिथून नेहमीसारखा मुक्यानं देवळाकडे चढू लागला.