जास्तीच्या दोन वाट्या

लातूरचं घर बंद करताना आईनं सगळ्यात जास्त वेळ फ्रिजला दिला. आतल्या जाळ्या काढून धुतल्या, सोडा घालून पुसून घेतल्या, पिन काढून वायर गुंडाळली आणि दार मिटू नये म्हणून मध्ये जुन्या साडीची घडी अडकवली. बंद फ्रिजचं दार लावलं की आत वास धरतो, असं तिचं म्हणणं. बाहेर हैदराबादच्या विमानतळावर नेणारी गाडी उभी, ड्रायव्हर सारखा घड्याळ बघतोय, आणि आमच्या बाईसाहेब रबराच्या खाचेतली घाण काडीनं काढतायत. मी चिडले. मग तिनं घराची किल्ली शेजारच्या शोभाकाकूंच्या हातात दिली आणि म्हणाली, "फ्रिजचं दार उघडं ठेवलंय. लावू नको." बाकी घराबद्दल एक शब्द नाही. काकू पदर तोंडाला लावून रडत होत्या. आई मात्र कुणाच्या लग्नाला निघाल्यासारखी गाडीत जाऊन बसली.

तिला आणायचं कारण साधं होतं. माझे वडील, अण्णा, गेल्यावर ती एकटी राहायची. एका सकाळी न्हाणीत घसरून पडली आणि दूधवाली येऊन दार वाजवेपर्यंत ओल्या फरशीवर तशीच पडून राहिली. तुमच्यापैकी जे कुणी माझ्यासारखे लांब जाऊन बसलेत, त्यांना तसला फोन माहीत असेल. समोरचा माणूस आधी "काळजीचं काही नाही" म्हणतो, आणि आपण तिथूनच तिकिटं शोधायला लागतो. मी एकुलती एक. कॅनडात, विनिपेगच्या आमच्या घरात एक खोली रिकामी होती. हिशेब सरळ होता, आणि माझा नवरा नीलेश माझ्याआधी म्हणाला, "आईंना घेऊन ये."

मी स्वतः लातूर सोडलं तेव्हा अण्णा स्टँडवर पोचवायला आले होते. ते रेणापूरच्या शाळेत मास्तर. बस हलल्यावर खिडकीशी चालत म्हणाले, "पत्ता बदलला की कळवत जा." तेव्हा मी पुण्यापर्यंतच निघाले होते. पत्ता पुढे किती लांबवर बदलत जाणार आहे, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. आई निघाली तेव्हा तिला असं काही सांगणारं कुणीच उरलं नव्हतं.

विनिपेगला आल्यावर आई जेवेना. आजारी नव्हती, तोंडाची चव गेली नव्हती. मी ज्वारीचं पीठ शोधून आणलं, भाकरी थापली, शेंगदाण्याची चटणी केली. ती चतकोर खायची आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावायची. "पोट भरलंय की माय." लातूरला दीड भाकरी खाणाऱ्या बाईचं पोट चतकोरात कसं भरतं? मी रागावले, रुसले, दुपारी ऑफिसातून फोन करून विचारलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. सगळं ठीक, फक्त वजन उतरत चाललेलं.

कारण मला माहीत होतं, पण मान्य करायचं नव्हतं. आमच्याकडे लेकीच्या घरी राहायला जात नाहीत. गेलं तरी पाहुण्यासारखं जायचं, तोंड गोड करायचं आणि दिवे लागायच्या आत निघायचं. माझ्या आजीनं म्हणे लेकीच्या गावचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. आई इतकी जुन्या वळणाची नव्हती. टीव्हीवर असलं काही दाखवलं की ती हसायची. पण हसणं वेगळं आणि जावयाच्या ताटावर रोज बसणं वेगळं. नीलेश हात जोडून म्हणायचा, "आई, हे तुमचंच घर आहे." ती लगेच पदर सावरून म्हणायची, "व्हय जावईबापू, माझंच हाय की." आणि ताट बाजूला सारायची. त्याचा चेहरा मग शिक्षा झालेल्या मुलासारखा व्हायचा.

या घरात ती एकच गोष्ट आग्रहाशिवाय तोंडात घालायची. आमचा अर्णव तेव्हा सहा वर्षांचा. सकाळी तो दुधात रंगीत कड्यांचं सिरियल खायचा. आई त्याला लाह्याच म्हणायची, आणि तिचं फारसं चुकतही नव्हतं. आम्ही लहानपणी पंचमीच्या उरलेल्या ज्वारीच्या लाह्या अशाच दुधात भिजवून खायचो. तर हा पठ्ठ्या कड्या वेचून खायचा आणि तळाचं गुलाबी दूध तसंच ठेवून शाळेला पळायचा. आई ते दूध उभ्या उभ्या पिऊन टाकायची. नातवाचं उष्टं. त्यावर जावयाचा हक्क नाही, लेकीचा नाही, फक्त आजीचा. मी सिंकपाशी पाठ करून उभी राहायची आणि तिला निवांत पिऊ द्यायची. पुढं पुढं तर मीच अर्णवच्या वाडग्यात दूध मुद्दाम जास्त ओतायला लागले. माझी आई माझ्या घरात, माझ्या लेकराच्या उष्ट्यावर जगत होती आणि मला त्यातच बरं वाटत होतं.

थंडी वाढली तशी ती खिडकीशी बसून राहायला लागली. एका शुक्रवारी अर्णव त्या गुलाबी दुधाचा वाडगा फ्रीझरमध्ये विसरला आणि दुसऱ्या दिवशी चमच्यानं खरवडत म्हणाला, "आजी, आइस्क्रीम!"

आईनं एक चमचा चाखला. "ह्याला आइस्क्रीम म्हणत न्हाईत राजा. ह्यो तर नुसता बरफ हाय."

आणि मग कुणास ठाऊक काय झालं, ती उठली. लातूरला उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे एकदा पॉटचं आइस्क्रीम व्हायचं. लाकडी पॉट भाड्यानं आणायचं. अण्णा कारखान्यातून बर्फाची लादी सायकलला बांधून आणायचे, भुसा लावून, गोणपाटात गुंडाळून. तरी कारखान्यापासून घरापर्यंत रस्त्यावर पाण्याची रेघ पडायची आणि आई दारातूनच ओरडायची, "निम्मा बरफ गावाला वाटत आलात जणू!" मग आम्ही गल्लीतली सगळी पोरं पाळीपाळीनं हँडल फिरवायचो. विनिपेगमध्ये बर्फ आणावा लागत नाही, रोज फावड्यानं उचलून टाकावा लागतो. त्या शनिवारी थंडी जरा सैल झाली होती. आईनं माझा जुना कोट चढवला, डोक्याला शाल गुंडाळली आणि मागच्या पायरीवर मोठी बादली मांडली.

रंगीत कड्या तासभर दुधात भिजवून, दाबून गाळून घेतल्या. त्यात साखर आणि घट्ट क्रीम. ते सगळं कडीच्या डब्यात ओतून झाकण कापडानं आवळून बांधलं. बादलीत बर्फ आणि घसरू नये म्हणून पायवाटेवर टाकायला आणलेलं मीठ. "टाक की मीठ, हात का आखडून राहिलीस?" बर्फ भुसभुशीत, डब्याला धरेना, तेव्हा तिनं तांब्याभर पाणी ओतायला लावलं. मग डबा कडीला धरून इकडून तिकडे, तिकडून इकडे. नीलेशचे हात भरून आले. "जावईबापू, दमलात का? आमचे मास्तर दमत नव्हते." जावयाची थट्टा! आल्यापासून पहिल्यांदाच. मधूनमधून झाकण उघडून कडेचं गोठलेलं उलथन्यानं खरवडायचं, मीठ आत जाऊ द्यायचं नाही. अर्णव टाळ्या पिटत होता. आई हसली, मोठ्यानं, दात दिसेपर्यंत. मला वाटलं, जमलं. आता ही इथली झाली.

फिकट गुलाबी, किंचित खरबरीत, भिजल्या लाह्यांच्या वासाचं ते आइस्क्रीम तिनं स्वतः वाट्यांत काढलं. भराभरा, सवयीच्या हातानं. काढून झाल्यावर ती ओट्यापाशी थांबली. वाट्या सहा होत्या. आम्ही चौघं.

"आजी, या दोन कुणाच्या?" अर्णवनं विचारलं.

मला न सांगता कळलं. एक शोभाकाकूंची, एक पलीकडच्या देशमुखांची. लातूरला पहिल्या वाट्या कायम भिंतीपलीकडे जायच्या, मग आम्हाला मिळायचं. मी घाईनं म्हणाले, "शेजारी देऊन येऊ की." पण शेजारच्यांचं नावही मला नीट माहीत नव्हतं. गाडी काढताना हात करायचे, एवढीच ओळख. शिवाय यात काय काय आहे, कुणाला काय चालत नाही, हे सगळं आधी विचारावं लागणार. आई माझ्याकडे बघत होती. मग तिनं दोन्ही वाट्यांवर झाकणं ठेवली आणि फ्रीझरमध्ये सरकवल्या.

स्वतःची वाटी मात्र तिनं पूर्ण खाल्ली. पुन्हा थोडं घेतलंही. नीलेशनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. आईनं चमचा वाटीत ठेवला.

"लई चांगलं झालं. वैशे, आता मला घरी नेऊन सोड."

मी जे बोलायचं ते सगळं बोलले. तिथं कोण आहे तुझं? पुन्हा पडलीस तर? न्हाणीत पडून राहिलीस ते विसरलीस का? माझं संपल्यावर ती म्हणाली, "तिथं एखाद्या बारीला पडंन मी. इथं रोज उपाशी हाय."

नीलेश उठून बादली धुवायला बाथरूममध्ये गेला. नळाचं पाणी बराच वेळ वाहत राहिलं.

मीच तिला परत नेलं. लातूरच्या घरात पाऊल टाकल्यावर ती आधी फ्रिजकडे गेली, साडीची घडी काढली, पिन लावली आणि दार लावून घेतलं. आतून घरघर सुरू झाली. संध्याकाळी शोभाकाकूंनी भाकरी आणि ठेचा आणून दिला. आई जमिनीवर पाट घेऊन बसली आणि दीड भाकरी खाल्ली, ताट पुसून. मला आनंद झाला आणि भयंकर रागही आला. माझ्या हातच्या भाकरीत काय कमी होतं, असं विचारावंसं वाटलं. न्हाणीत धरायला दांडा बसवून घेतला, किल्ली काकूंकडे ठेवली आणि परत आले.

त्यानंतर ती एकदा पडली. अंगणात. काकूंनी उचललं. मला दोन दिवसांनी कळलं, तेही काकूंच्या तोंडून चुकून निसटलं म्हणून. आईचं म्हणणं, "तू तिथून काय करणार व्हतीस?" खरंच, काय करणार होते?

घर कुठलं, असं इथं कुणी विचारलं की पूर्वी मी चटकन लातूर म्हणायची. आता मला वाटतं, आई पोटभर जेवते ती जागा म्हणजे घर. आणि त्या घरात मी नाही. दुसरं काही मला सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला यावर तोड सापडली असेल तर सांगा.

रविवारी मी तिला व्हिडिओ फोन लावते तेव्हा तिचं रात्रीचं जेवण आटोपलेलं असतं आणि आमची सकाळ असते. मी काही विचारायच्या आत ती म्हणते, "जेवले गं." मग फोन घेऊन फ्रिजपाशी जाते. दुकानात रंगीत कड्या मिळाल्या नाहीत म्हणून तिनं साधे कॉर्नफ्लेक्स भिजवून आइस्क्रीम केलंय आणि ते अर्णवसाठी डब्यात ठेवलंय. लाईट जाते तेव्हा ते वितळतं, आली की पुन्हा गोठतं. आता त्यात नुसते बर्फाचे काटे दिसतात. "राहू दे," ती म्हणते. "तो आल्यावर खाईल." आम्ही कधी येणार ते ती विचारत नाही. माझ्या फ्रीझरमध्ये मागच्या कोपऱ्यात झाकण घातलेल्या दोन वाट्या अजून आहेत. ते मीही तिला सांगत नाही.

"लाह्या खातो का गं अर्णव?"

"खातो की," म्हणत मी फोन ओट्याकडे वळवते. तिथं रंगीत कड्यांचा खोका असतो. अर्णवनं ते खाणं कधीच सोडलं, तो आता टोस्ट खातो. खोका मी फोनसाठी आणते.

"दूध टाकून देत जाऊ नको," ती म्हणते.

"नाही टाकत," मी म्हणते. फोन ठेवल्यावर त्या कड्या मीच खाते, आणि तळाचं गुलाबी दूध सिंकपाशी उभ्यानं पिऊन टाकते.