‘आधी’चं शूटिंग

“चपला काढा ना ताई. आणि हा ब्लाउज जरा जास्तच चांगला आहे. जुना नाही का एखादा?”

पुण्याहून आलेल्या संस्थेच्या मॅडम मला हे माझ्याच अंगणात, अख्ख्या तांड्यासमोर म्हणाल्या. सोबत कॅमेरावाला. संस्थेच्या कर्जातून मी मोटरवाली शिलाई मशीन घेतली होती, महागावच्या दुकानांना परकर-ब्लाउज शिवून देत होते. त्याची फिल्म काढायची होती, मुंबईच्या देणगीदारांना दाखवायला. फिल्मचे दोन भाग. आधी आणि नंतर. ‘नंतर’साठी मी आहे तशी चालणार होते. ‘आधी’साठी माझं घर फारच बरं निघालं.

मग शेजारच्या सोनाबाईचा बकऱ्यांचा गोठा ठरला. मी चपला काढल्या. तिचाच फाटका ब्लाउज अंगात घातला. गावाला ब्लाउज शिवून देणारी बाई मी, आणि फाटका ब्लाउज उसना आणते! तेव्हा हसू आलं होतं. आज अंगाचा तिळपापड होतो.

तेवढ्यात मॅडमची नजर याडीवर गेली. आमच्या तांड्यात आईला याडी म्हणतात. बाजारात भाजी निवडावी तसं त्यांनी तिला वरून खाली पाहिलं. “आजी छान आहेत. त्यांच्या हातात रिकामं ताट द्या.”

ताट मीच दिलं. दुसऱ्या कोणावर ढकलायचं नाही मला. पुढचं कर्ज हवं होतं, म्हणून दिलं.

याडी नुकतीच जेवून उठली होती. “ताट कायले देऊन राह्यली व? जेवली ना मी.”

“धर फक्त.”

तिनं धरलं. लेकीनं सांगितलं म्हणून धरलं.

‘नंतर’चं शूटिंग माझ्या घरात झालं. तिथं कोपऱ्यात याडीची काळी हातमशीन होती. दिवसभर कापूस वेचायचा आणि संध्याकाळी मशीनवर बसायचं, असं करून तिनं आम्हा तिघी बहिणींना वाढवलं. कात्री कशी धरायची हे मला तिनंच शिकवलं. “ही नको दिसायला, बघणाऱ्यांचा गोंधळ होईल,” मॅडम म्हणाल्या. कॅमेरावाल्यानं मशीनवर गोधडी टाकली.

महिन्याभरानं यवतमाळच्या सभागृहात संस्थेचा कार्यक्रम होता. आम्हा मायलेकींना पहिल्या रांगेत बसवलं. अंधार झाला आणि भिंतीएवढी याडी समोर आली. हातात ताट. मागून एक गोड आवाज बोलत होता, “पिढ्यानपिढ्या या घराला कमाई ठाऊक नव्हती.” शेजारच्या एका बाईनं डोळे पुसले.

याडीनं माझा हात धरला. हळूच विचारलं, “मी भीक मागून राह्यली का व?”

मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मग मला स्टेजवर बोलावलं. ‘आधी माझ्याकडे काहीच नव्हतं’ हे वाक्य माझ्याकडून घोकून घेतलं होतं. माईक हातात आला आणि ते तोंडातून निघेना. दुसरंच निघालं.

“त्या ताटात माह्या याडीनं शूटिंगच्या अर्ध्या घंट्याआधी भाकर खाल्ली होती. कमवाले मले तिनं शिकवलं. तुमी मशीनले पैसे देले, त्याचं व्याज बी घेता. मंग तिले भिकारीण करून वरून टाळ्या कायले घेता?”

दोघातिघांनी सवयीनं टाळ्या वाजवल्याच. मॅडमनी हसत हसत माईक काढून घेतला.

आठ दिवसांनी त्या कागद घेऊन तांड्यात आल्या. फिल्ममधलं सगळं खरं आहे आणि माझी संमती आहे, असं त्यात लिहिलं होतं. सही केली तर आमच्या बचत गटाचं, माझ्या त्या बोलण्यानंतर अडलेलं कर्ज सुटेल, नाही तर वरचे काय ठरवतील ते सांगता येत नाही. हे त्यांनी मला एकटीला सांगितलं नाही. गटाच्या सगळ्या बायकांना बसवून सांगितलं. गरिबाला गरिबाच्या अंगावर सोडायचं, आपण बाजूला उभं राहायचं, आणि अहवालात त्याला सक्षमीकरण म्हणायचं.

सोनाबाईला पिठाची चक्की टाकायची होती. ती म्हणाली, “करून टाक ना व सही. फिलमच तं हाय.”

तिचा राग आला नाही. तिची चक्की खरी होती. पण मी कागद मॅडमच्या मांडीवर परत ठेवला. “माहं कर्ज मी शेवटच्या हप्त्यापर्यंत फेडीन. सही भेटणार नाही. मी कर्ज घेतलं, माय गहाण नाही टाकली.”

गटाचं कर्ज अडलं ते अडलंच. सोनाबाई माझ्याशी बोलत नाही. तिचं चुकत नाही. फिल्म अजून मोठमोठ्या हॉलमध्ये चालते, लोक अजून डोळे पुसतात. फिल्म बंद करा म्हणून मी दोनदा अर्ज पाठवला, उत्तर नाही.

सोमवारी मी याडीला घेऊन पुण्याला निघते आहे. त्यांच्या ऑफिसच्या दारात बसणार. ती फिल्म आमच्या डोळ्यांसमोर पुसल्याशिवाय आम्ही दोघी तिथून उठणार नाही.