गडाचा चुना आणि आमची मेंढरं

घर्रर्र... घर्रर्र... चुना मळायच्या घाण्यातलं दगडी चाक फिरायचं, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पुढं बैल गोल फिरतोय, मागं मी चालतोय आणि चुना लोण्यासारखा मऊ होतोय. कळप रानातून गेला की बाभळीच्या काट्यांना लोकर अडकून राहते ना, तसे त्या कामावरचे किस्से माझ्यात अडकून राहिलेत. कुणी वेचत नाही, मग साठत जातात!

चारठाण्याच्या पलीकडं डोंगरावर एक पडका गड होता. निजामाचं राज्य गेलं आणि दोन-चार वर्षांनी सरकारनं तो दुरुस्तीला काढला. गवंडी, मजूर, आम्ही धनगर, सगळे कामाला लागलो. पण आमच्या घरात घोर होता. पिढ्यान्‌पिढ्या आमची मेंढरं पावसाळ्यात त्या गडाच्या कमानीखालीच बसायची. उघड्यावर भिजली की खुरं सडतात, कोकरं दगावतात. आणि कामावरचे सरकारी साहेब म्हणाले होते, "काम झालं की गड बंद. जनावर आत नको."

म्हणजे आमच्याच हातांनी आम्ही आमचं दार लावून घेत होतो!

*

साहेब पहिल्यांदा गावात आले तेव्हा पाटलांच्या ओसरीवर बैठक बसली.

"हा गड बांधला कोणी?" साहेबांनी विचारलं.

"पांडवांनी," पाटील म्हणाले. "एका रातीत."

"आणि पाडला कोणी?"

गावातल्या निम्म्या घरांच्या पायऱ्या गडाच्या दगडांच्या होत्या!

"वाऱ्यानं, सायब," पाटील हळूच म्हणाले. "हितं वारा लय."

साहेबांनी पाटलांच्या बुडाखालचा दगड निरखून बघितला. त्यावर हत्ती कोरलेला होता.

"वाऱ्यानं हत्तीपण उचलला?"

"सोंड धरून आणला आसंल!" मागून कुणीतरी बोललं.

दुसऱ्या दिवशी गडाच्या पायथ्याशी कोरीव दगडांचा हा एवढा ढीग! साहेबांनी विचारलं, कुणी आणले?

पाटील म्हणाले, "वारा फिरला, सायब!"

*

मानवतचे करीमचाचा आमचे मोठे मिस्त्री. ते चुन्यात गूळ घालायचे, बेलाचा गर घालायचे, हिरड्याचं पाणी घालायचे. त्यानं चुना दगडासारखा धरतो. पण गुळाच्या ढेपा रोज थोड्या थोड्या झिजायला लागल्या. सगळ्यात मोठा आरडाओरडा मुकादमाचा.

"सरकारी गूळ हाय! चोर घावू द्या, उलटा टांगतो!"

चाचांनी एक ढेप फोडली, तिच्यात तुरट हिरड्याची पूड मिसळली आणि पुन्हा थापून जागेवर ठेवली. सकाळी सगळ्यांना ओळीनं उभं केलं.

"चलो, एकेक जना अपना नाव बोलो!"

आम्ही सगळ्यांनी नावं सांगितली. रोज दगड फुटेल असा ओरडणारा मुकादम मात्र तोंड आवळून उभा!

"क्या मुकादमसाब," चाचा म्हणाले, "मुँह में गारा जम गया क्या?"

*

आतल्या भिंतीला नवा गिलावा झाला त्या संध्याकाळी वळीव आला आणि मेंढरं नेहमीसारखी वर आली. आता गिलाव्यात गूळ, हे मेंढरांना कुणी सांगायला लागतं? सकाळी बघतो तर त्यांचं तोंड पोचेल तिथवर भिंत चाटून साफ!

आमचा बा मेंढरं भिंतीपासून मागं ओढायला लागला. "आज हाकलतोय बघ सायब आपल्याला."

साहेब आले. त्यांनी भिंत बघितली आणि चाचांकडं वळले. चाचांनी उरलेल्या गिलाव्याला बोट लावलं, जिभेवर ठेवलं आणि मान डोलावली.

"गूळ बराबर पड्या, सायब. मेंढ्यांनी दीवार पास करी!"

साहेबांना हसू आवरेना. आमच्या जिवात जीव आला. पण जाता जाता ते म्हणाले, "मृग लागायच्या आत कळप खाली न्या."

आलेला जीव परत गेला!

*

मृग तोंडावर आला. काम संपलं. साहेब मोठं पितळी कुलूप घेऊन गड चढले. आम्ही कळप खाली न्यायला तयारच होतो, पण कमानीखाली एक मेंढी सकाळपासून विताना अडली होती. अडलेली मेंढी हलवता येत नाही. माझी माय तिच्यापाशी बसून होती.

साहेबांनी दारातून आत पाऊल टाकलं आणि कोकरू बाहेर पडलं!

आमच्यात रीत आहे. ज्याच्या पायगुणानं अडलेली मेंढी मोकळी होते, त्यानं कोकरू आधी उराशी धरायचं. माय साहेबांपुढं कधी तोंड उघडायची नाही, पदर दातात धरून बाजूला व्हायची. ती उठली आणि ते ओलं, चिकट कोकरू घेऊन थेट त्यांच्यापुढं उभी राहिली.

"धरा."

"अहो बाई, माझे कपडे..."

"धरा म्हन्ते ना! तुमच्या पायगुनानं जगलं. तुमी न्हाई धरलं तर दूध पिनार न्हाई ते."

कोकराला दोन्ही हात लागणार होते. साहेबांनी कुलूप किल्लीसकट मायच्या हातात दिलं आणि कोकरू छातीशी घेतलं. ते त्यांच्या सदऱ्याची गुंडी चोखायला लागलं. चाचा भिंतीला टेकून बघत होते. बा हात जोडून उभा होता.

बऱ्याच वेळानं साहेबांनी कोकरू मेंढीपाशी ठेवलं. ते लटपटत उभं राहिलं आणि आचळाला लागलं. मायनं कुलूप पुढं केलं.

साहेबांनी तिच्याकडं बघितलं. वर कमानीकडं बघितलं. मग रुमालाला हात पुसत, कुलूप-किल्ली मायच्याच हातात सोडून, गड उतरून गेले.