न वाचता जिंकायचं नाही

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बेंगळुरूत एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होते. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. शाळा तालुक्याच्या गावी, मराठी माध्यमाची. कंपनीला जपानहून काम मिळालं आणि चार जणांना जपानी शिकवायचं ठरलं. पुढे त्या कामावर त्यांनाच घेणार होते. मलाही शिकायचं होतं. आमचे टीम लीडर पुण्याचे. ते म्हणाले, "अगं, पुस्तक इंग्रजीतून आहे. तुझं इंग्रजीच अजून अडखळतंय. त्यावर जपानी कुठे चढवतेस?"

ते नुकतेच जपानला जाऊन आले होते. येताना त्यांनी हातात धरून खेळायचा एक व्हिडिओ गेम आणला होता. जेवणाच्या सुट्टीत तो टेबलावर फिरायचा. हिरवट पडद्यावर एक किल्ला, आपले चार-पाच शिपाई आणि चाल करून येणारा शत्रू. लढाईगणिक शिपाई तरबेज होत जायचे. बुद्धिबळासारखी त्यात पाळी नव्हती. आपण विचार करत बसलो तरी शत्रू पुढे सरकतच राही. मधेच सेनापतीचा हुकूम जपानीत उमटायचा आणि लगेच पुसला जायचा. बाकीचे तो न वाचताच बटणं दाबत आणि बरेचदा जिंकत.

मला ते जमेना. शाळेत आम्हाला शिकवलं होतं, आधी पूर्ण प्रश्न वाचायचा, मग पेन उचलायचं. मी हुकुमाकडे बघत बसायचे आणि किल्ला पडायचा. रोज.

"परीक्षा चाललीय तिची," कुणीतरी म्हणायचं. "काहीही दाब गं, चालतं."

"न वाचता जिंकायचं नाही मला," मी म्हणाले.

खेळ सुरू होताना आपलं नाव लिहायला सगळ्या अक्षरांचा तक्ता येई. टीम लीडरांनी पहिल्या दोन ओळी वाचून दाखवल्या: आ, इ, उ, ए, ओ. का, कि, कु, के, को. मी त्यांना थांबवलं. "सर, आता प्रत्येक ओळीचं फक्त पहिलं अक्षर सांगा." बाकीची ओळ बाराखडीसारखीच, ती मला पहिलीपासून येत होती. दोन-चार अक्षरं लबाड निघाली, 'सि' म्हणावं तिथे 'शि'; ती पाठ केली.

बेंगळुरूच्या चामराजपेटेत मी एका जुन्या मराठी कुटुंबाकडे राहत होते. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता काढून तो मी त्यांच्या स्वयंपाकघरात लावला. घरच्या अक्कांनी विचारलं, "कुठल्या देवाचं यंत्र गं हे?"

"जपानी बाराखडी, अक्का."

"सरी, बरं. मग स्वल्प मोठं लिही की. मला काय दिसंना."

सकाळी पोळ्या करताना त्या लाटण्याने एकेक अक्षर दाखवत. मी अडले की म्हणत, "लवकर सांग, तवा थांबतोय होय?" तीन आठवड्यांत मला थांबावं लागेनासं झालं. हुकुमांतल्या शब्दांचे अर्थ ऑफिसातल्या शब्दकोशातून शोधून ठेवले.

मग एका दुपारी हुकूम उमटला आणि पुसायच्या आत मी तो मोठ्याने वाचला, "मामोरे." सगळे शिपाई मागे घेऊन दारात उभे केले. किल्ला राहिला.

"अर्थ?" टीम लीडरांनी विचारलं.

"राखा, सर."

त्यांनी गेम माझ्या हातातून घेतला. "जपानीच्या वर्गाची यादी कालच गेली गं. चारच नावं आहेत."

सोमवारी मी माझ्या टेबलाची खुर्ची उचलून वर्गात नेली. ते दारातच होते. "तुझं नाव नाहीये."

"माहीत आहे, सर. खुर्ची माझी आणलीय."

शिकवायला आलेल्या बाईंनी फळ्यावर पहिली ओळ लिहिली आणि वाचायला कोण तयार आहे विचारलं. मी उभी राहिले आणि ती ओळ संपवून सगळा तक्ता म्हणून दाखवला. बाईंनी हजेरीचा कागद घेतला, माझं नाव विचारलं आणि चौघांच्या खाली ते लिहिलं. टीम लीडर जाताना माझ्या वहीत डोकावले. बाकीच्यांनी उच्चार इंग्रजी अक्षरांत लिहिले होते.

"निदान हे तरी इंग्रजीत लिही."

"नाही, सर," मी म्हणाले आणि पुढची ओळ देवनागरीतच लिहिली.